अपघात पोलिसांच्या गाडीचा, पंचनामाही त्यांचाच?

गेल्या अंकात एका दाव्याविषयी लिहिताना मी म्हटलं होतं की पोलिसांच्या गाडीची धडक बसून माणूस दगावला, तर त्या अपघाताचा तपास त्याच पोलीस ठाण्याकडे राहता कामा नये. त्या एका वाक्यावर पुष्कळ पत्रं आली, काही दुःखाची, काही रागाची. माझी हयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर वकिली करण्यात गेली, त्यामुळे मी उत्तरं देते ती तिथे हाताळलेल्या कागदांवरून. पत्रं थोडक्यात छापली आहेत. नावगाव गाळलं आहे.

प्रश्न : वकीलताई, माझे मामा रात्रपाळीहून दुचाकीवरून येत होते. चौकात पोलिसांच्या जीपनं त्यांना उडवलं, ते जागीच गेले. जीप कुठल्याशा कॉलवर निघाली होती म्हणे. पंचनामा त्याच ठाण्याच्या लोकांनी केला. आता फिर्यादीत मामांनीच सिग्नल तोडला असं आलंय. ठाण्यात विचारलं तर म्हणाले, आरोपीच मयत आहे, प्रकरण मिटलं. खरंच मिटलं का?

उत्तर : मिटलेलं नाही. आणि तुमचं पत्र वाचताना मला संताप आला, कारण हा प्रकार मी वारंवार पाहिला आहे. मेलेल्या माणसालाच आरोपी करायचं आणि मग ‘आरोपी मयत’ म्हणून न्यायालयात अबेटेड समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवायची. जीपच्या चालकाला कुणी एक प्रश्नही विचारत नाही.

अशा वेळी फिर्याद बहुधा सरकारतर्फे एखाद्या पोलिसानंच दिलेली असते. मग समरीची नोटीसही त्यालाच जाते आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या खटल्यात सांगितलं की असा अहवाल स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस द्यावीच लागते. मृताच्या नातेवाइकांना नोटीस मिळण्याचा हक्क त्या निकालानं दिला नाही, मात्र ते आपण होऊन हजर झाले तर त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, हे स्पष्ट केलं. म्हणून तुम्ही आपण होऊन हजर व्हा. ते ठाणं ज्या दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाखाली येतं तिथे गुन्हा क्रमांक देऊन चौकशी करा, समरी दाखल झाली असेल तर हरकतीचा अर्ज द्या आणि पुढचा तपास करण्याचा आदेश मागा. त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तांना, लेखी अर्ज द्या की तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे वर्ग करावा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

खरी घाई पुराव्याची आहे. खाजगी गाडीच्या अपघातात पुरावा रस्त्यावर असतो. पोलिसांच्या गाडीच्या अपघातात निम्मा पुरावा त्यांच्याच कपाटात असतो. जीपचं लॉगबुक : गाडी कुणी काढली, किती वाजता, मीटर किती होता. ठाण्याची स्टेशन डायरी. नियंत्रण कक्षातली कॉलची नोंद : कॉल किती वाजता आला, कशाचा होता, तो खरंच तातडीचा होता का. वायरलेसवरचं बोलणं. ११२ क्रमांकाच्या कॉलवर जाणाऱ्या गाड्यांना जीपीएस असतं, त्यात जागा आणि वेळ दोन्ही मिळतं. हे सगळं जपून ठेवा असा अर्ज आजच द्या, आणि सोबत न्यायालयाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ९४ खाली ते हजर करवून घ्यायची विनंती करा. चौकातल्या दुकानांचं आणि सोसायट्यांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यावर नवं चित्रण चढतं. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहू नका. दुकानदाराला जाऊन भेटा, हात जोडा, प्रत मागा.

चित्रण मिळालं की वेग काढता येतो. रस्त्यावरच्या दोन ठरावीक खुणांमधलं अंतर टेपनं मोजायचं, चित्रणात गाडी एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती चौकटींत (फ्रेममध्ये) गेली ते मोजायचं; सेकंदाला किती चौकटी आहेत हे कळलं की पुढे साधं गणित आहे. मामांची दुचाकी नेमकी कुठे चेपली आहे, पुढून, कडेनं की मागून, त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. जीपचा बंपर पंचनाम्यात कसा लिहिला आहे तेही बघा. मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल आणि शवविच्छेदनाचा अहवाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर धडक कुठल्या दिशेनं आली ते पुष्कळदा उमगतं. पंचनाम्यातलं एक वाक्य फौजदाराच्या सोयीनं लिहिता येईल, पण मोडलेलं हाड आणि चेपलेला पत्रा तसं सोयीनं लिहिता येत नाही.

नुकसानभरपाईचा दावा वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दाखल करा. तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कोणाची चूक जास्त संभवते एवढं बघितलं जातं. फौजदारी प्रकरणात समरी झाली म्हणून हा दावा बुडत नाही. सरकारी गाडीला विमा बंधनकारक नाही, त्यामुळे समोर बहुधा विमा कंपनी नसून राज्य सरकारच असतं. ‘सरकारवर दावा कसा चालणार’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. १९६२ सालीच राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती या निकालात, सरकारी जीपच्या चालकाच्या निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूची भरपाई सरकारला द्यावी लागली आहे. आणखी एक : २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याला अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमच्या प्रकरणात ते अहवाल गेले का, आणि गेले असतील तर त्यात काय लिहिलं आहे, हे न्यायाधिकरणाच्या कार्यालयात जाऊन बघा. पोलिसांनी एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच लिहिलेलं मी अनेकदा पकडलं आहे.

प्रश्न : सायरन लावला की पोलिसांच्या गाडीला सगळं माफ असतं का?

उत्तर : नाही. वाहनचालनाच्या २०१७ च्या नियमांत तातडीच्या कामावरच्या गाडीला सिग्नलचा लाल दिवा आणि वेगमर्यादा ओलांडायची सवलत आहे, पण पुरेशी काळजी घेऊनच. निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ त्या चालकालाही लागू होतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी, चालकाचा दीड सेकंद प्रतिक्रियेत गेला असं धरून, साधारण २६ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० ला जवळपास १०० मीटर लागतात. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला सायरन ऐकू आला तरी तो कुठल्या रस्त्यानं आणि किती वेगानं येतोय हे कळायला वेळ लागतो, आणि गाडी तेवढा वेळ देत नाही.

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ पोलिसांत चालक आहे. कॉल आला की तो जीव मुठीत धरून गाडी चालवतो. उशीर झाला तर लोक शिव्या घालतात, लवकर गेला आणि काही झालं तर तुम्ही म्हणता बाहेरची चौकशी लावा. मग कुणी गाडी जोरात चालवायचीच नाही का? तुमचं लिहिणं वाचून घरात सगळ्यांना वाईट वाटलं.

उत्तर : तुमच्या भावाचा विचार माझ्या मनात आधीपासून आहे. मी बाहेरच्या तपासाचा आग्रह धरते त्यात त्याचंही हित आहे, ते कसं ते सांगते.

एका दाव्यात मी मृताच्या बाजूनं होते आणि पोलीस चालकाची उलटतपासणी घेत होते. कागदांवर सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी होता : भरधाव वेग, निष्काळजीपणा, निलंबन. मी विचारलं, डाव्या सीटवर कोण होतं? एक अधिकारी होते. ते काही म्हणाले का? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, साहेब सारखे म्हणत होते, दाब, दाब, अजून दाब. आदल्या दिवशी बंदोबस्त होता, त्याला नीट झोप मिळाली नव्हती. गाडीचे मागचे टायर गुळगुळीत झाल्याचा अर्ज त्यानं मोटार परिवहन विभागाला दिला होता. यातलं एक अक्षर पंचनाम्यात नव्हतं, खात्याच्या चौकशीतही नव्हतं. मी त्याच्याविरुद्ध उभी होते, तरी त्या दिवशी मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.

आतली चौकशी चालकावर येऊन थांबते, कारण त्याच्यावर थांबणं सगळ्यांना सोयीचं असतं. ड्युटी कुणी लावली, टायर कुणी बदलले नाहीत, या कॉलसाठी इतक्या वेगाची गरज होती का, आणि त्या माणसाला जोरात गाडी चालवायचं खास प्रशिक्षण कधी दिलं होतं का, हे प्रश्न वरच्या दिशेनं जातात. ज्याची बढती त्याच वरच्या माणसाच्या हातात आहे, त्यानं ते कसे विचारायचे? बाहेरचा तपासी माणूस ते विचारू शकतो.

शिवाय बाहेरच्या तपासात चालकाचे हक्क जपता येतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९९० पासून पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंचा तपास एक स्वतंत्र पथक करतं, स्पेशल इन्व्हेस्टिगेशन्स युनिट. तिथे ज्याच्या कृतीची चौकशी आहे त्या पोलिसाला जबाब द्यायची सक्ती नाही. हजर असलेल्या इतर पोलिसांना मात्र जबाब द्यावाच लागतो. सगळ्यांना लगेच वेगवेगळं ठेवतात, म्हणजे जबाब ‘जुळवले’ असा आरोप प्रामाणिक माणसावर येत नाही. इंग्लंडमध्ये तर २०२२ साली कायदा बदलून पोलीस चालकाच्या गाडी चालवण्याची तुलना सामान्य चालकाऐवजी तेच प्रशिक्षण घेतलेल्या सक्षम आणि काळजीपूर्वक पोलीस चालकाशी करायची असं ठरवलं. बाहेरचा तपास तिथे त्याआधीपासून होता, आणि चालकाला न्याय देणारी ही दुरुस्तीही झाली. तुमचा भाऊ नियमानं वागला असेल तर ‘निर्दोष’ हा शब्द बाहेरच्या माणसानं लिहिलेला असला तरच लोक तो मानतील. स्वतःच्या ठाण्यानं लिहून दिलेला निर्दोषपणा आयुष्यभर संशय सोबत आणतो.

प्रश्न : माझी मुलगी परदेशात शिकते. अमेरिकेत सिएटलला आंध्रची एक विद्यार्थिनी पोलिसांच्या गाडीखाली गेली ते वाचल्यापासून झोप लागत नाही. तिथे तरी अशा मृत्यूंचा तपास तटस्थ होतो का?

उत्तर : देशागणिक आणि प्रांतागणिक वेगळं आहे. सिएटलचं प्रकरण मी बारकाईनं वाचलं आहे, आणि ते वाचून माझं मत आणखी पक्कं झालं.

२३ जानेवारी २०२३ ची रात्र. एका माणसानं जास्त मात्रेत अमली पदार्थ घेतल्याचा कॉल आला आणि पोलीस अधिकारी निघाला. ताशी २५ मैलांची, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर त्याची गाडी ताशी ७४ मैलांपर्यंत, सुमारे ११९ किलोमीटरपर्यंत गेली होती. दिवे चालू होते, सायरन सलग नव्हता. तेवीस वर्षांची मुलगी पादचारी पट्ट्यावरून रस्ता ओलांडत होती. तपास त्याच शहराच्या पोलीस दलातल्या अपघात पथकानं केला. धडक देणारा अधिकारी नशेत होता का हे तपासायला जो पोलीस पाठवला, तो तिथल्या पोलिसांच्याच संघटनेचा उपाध्यक्ष होता. काम उरकल्यावर त्यानं संघटनेच्या अध्यक्षाला फोन केला आणि हसत हसत म्हणाला की अकरा हजार डॉलरचा चेक लिहून टाका, तिची किंमत मर्यादितच होती. अंगावरचा कॅमेरा चालू राहिला होता म्हणून जगाला हे कळलं. कॅमेरा बंद असता तर तपासाला गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं हे तिच्या आईला कधीच कळलं नसतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी गंभीर गुन्हा लावायला नकार दिला. चालकानं जाणूनबुजून बेपर्वाई केली हे सिद्ध होणार नाही, असं कारण दिलं. चालकाला झाला तो ५,००० डॉलरचा दंड. फोनवर हसलेल्याला जुलै २०२४ मध्ये आणि चालकाला जानेवारी २०२५ मध्ये नोकरीवरून काढलं. बाहेरच्या माणसांनी पहिल्या तासापासून तपास केला असता तर निकाल वेगळा लागला असता का? कदाचित तोच लागला असता. पण तिच्या आईवडिलांना तो कुणाकडून ऐकावा लागला, यानं फार मोठा फरक पडतो.

कॅनडातल्या त्याच ऑन्टारिओ प्रांतात, व्हिटबीजवळ, २९ एप्रिल २०२४ ला पोलीस एका दरोड्यातल्या संशयिताचा पाठलाग करत असताना त्याची गाडी महामार्गावर उलट दिशेनं घुसली. त्या धडकेत तीन महिन्यांचं बाळ आणि भारतातून त्याला भेटायला आलेले आजीआजोबा गेले, संशयितही गेला. पोलिसांची गाडी कुणावर आदळली नव्हती, तरीही तपास लगेच त्या स्वतंत्र पथकाकडे गेला. पाठलाग सुरू ठेवायला हवा होता का, हा प्रश्न तपासाचा भाग मानला जातो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे तो कुणी विचारतच नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये इंडिपेंडंट ऑफिस फॉर पोलीस कंडक्ट आहे. २०१८ पासून या नावानं, त्याआधी २००४ पासून दुसऱ्या नावानं. पोलिसांच्या संबंधात मृत्यू झाला की दलानं त्यांना कळवणं सक्तीचं आहे. त्यांचा प्रमुख कधीही पोलिसांत नोकरी केलेला असू शकत नाही. सगळं तिथे आदर्श आहे असं मी म्हणणार नाही : कळवलेल्या प्रकरणांपैकी पुष्कळ परत त्याच दलाकडे तपासाला जातात, आणि त्यांच्या तपासनीसांत माजी पोलीसही असतात. तरी २००८ मध्ये न्यूकॅसलला सोळा वर्षांची मुलगी पोलिसांच्या गाडीखाली गेली, तेव्हा गाडी ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ९४ मैलांपर्यंत पोहोचली होती हे पुराव्यानं सिद्ध झालं आणि चालकाला तीन वर्षांची कैद झाली. २०२३ च्या मे महिन्यात कार्डिफला ई-बाईकवरची दोन मुलं मेली. पोलीस आयुक्तपदी निवडून आलेल्या गृहस्थांनी आधी सांगितलं की पोलीस त्यांचा पाठलाग करत नव्हते; मग सीसीटीव्हीत पोलिसांची व्हॅन त्यांच्या मागे जाताना दिसली. लोकांचा उद्रेक आधीच झाला होता, दंगल झाली होती. पहिलं निवेदन कुणी करायचं, हाही तपासाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे.

तुमच्या मुलीला एवढंच सांगा की पादचारी पट्टा असला तरी लांबून दिवे चमकताना दिसले तर तिनं फुटपाथवरच थांबावं. बाकीची काळजी तिनं करायची नाही, ती त्या शहराच्या कारभाऱ्यांनी करायची आहे.

प्रश्न : आपल्याकडे असं मंडळ का नाही? की आहे?

उत्तर : अर्धंमुर्धं आहे. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तसं प्राधिकरण केलं. पण ते तक्रार आल्यावर चौकशी करतं आणि अहवाल सरकारला देतं. अपघात झाल्याबरोबर रस्त्यावर जाऊन जागा ताब्यात घेणारं, टायरच्या खुणा मोजणारं ते पथक नाही. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानंच होते आणि मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. रस्त्यावर पोलिसांच्या गाडीखाली मेलेल्या माणसासाठी यातलं काहीही आपोआप होत नाही. फार तर उच्च न्यायालयात जाऊन तपास सीआयडी किंवा सीबीआयकडे मागता येतो, पण तोवर खुणा पावसानं धुतलेल्या असतात.

एक फट तर अगदी नवी आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक करायची तरतूद आली, चांगली आली, पण सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांनाच. निष्काळजीपणानं मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत, म्हणून हा गुन्हा त्यातून सुटला.

तुम्ही आमदारांना लिहिणार असाल तर माझं मागणं हे आहे : पोलिसांची गाडी ज्यात आहे असा कोणताही प्राणघातक अपघात, पाठलागातला सुद्धा, घडला की त्याच तासात तपास दुसऱ्या जिल्ह्याकडे किंवा सीआयडीकडे जावा. शिक्षा कितीही असो, न्यायवैद्यक तज्ज्ञ आलाच पाहिजे. लॉगबुक, वायरलेस आणि जीपीएसच्या नोंदी त्याच रात्री सील व्हाव्यात, आणि त्या सील करणारा माणूस त्या ठाण्याचा नसावा. गाडीतल्या प्रत्येकाचा जबाब वेगळा घ्यावा. आणि मृताच्या घरच्यांना तपास अधिकाऱ्याचं नाव आणि फोन पहिल्याच दिवशी लेखी मिळावा. शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे, तिला कायदा बदलावा लागत नाही, एका परिपत्रकानं ती उद्याही होऊ शकते. पत्रात ती पहिली लिहा.